डोळ्याच्या पडद्यावर ‘स्टेम सेल’ : कोकणातल्या ग्रामविकास मंडळांच्या मुंबई कार्यकारिणींना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि सर्व कार्यकारिणी सदस्य,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावोगावची ग्रामविकास मंडळे, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. चष्म्याचे नंबर काढणे, मोतीबिंदूचे रुग्ण हुडकून शस्त्रक्रियेला पाठवणे, मधुमेहींच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करणे आणि पडदा बघायला डॉक्टरांपुढे बसवणे, हे माझे रोजचे काम. हे पत्र शासनाच्या वतीने नाही, माझे स्वतःचे आहे.

गेली काही वर्षे मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप फिरताना बघतो. एकात गावातल्या कुणाच्या तरी डोळ्यांवर ‘स्टेम सेल’ (मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात त्या पेशी) उपचार करायचे म्हणून मदतीचे आवाहन असते, खाली खातेक्रमांक. दुसऱ्यात एखाद्या खाजगी केंद्राचे मोफत शिबिर असते, जागा आपल्या मंडळाच्या सभागृहाची. दोन्हींवर मंडळाचे नाव असते आणि त्या नावाला गावात मोठी किंमत आहे. शाळेचे छप्पर, स्मशानाची शेड, नळपाणी योजनेचा पाठपुरावा ही कामे मंडळाने उभी केलेली लोकांनी पाहिली आहेत. मंडळाने सांगितले म्हटल्यावर माणूस चौकशी करत नाही, सही करतो. म्हणून हे पत्र आरोग्य खात्याकडे न धाडता आपल्याकडे धाडतो आहे.

विनंती आधीच स्पष्ट सांगतो. डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर रुग्णाकडून पैसे घेऊन जिथे स्टेम सेलचे इंजेक्शन दिले जाते, तिथे मंडळाचे नाव, मंडळाचा पैसा आणि मंडळाचे सभागृह यांपैकी काहीही देऊ नका. हे संशोधन खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. ते खरे आहे, फार मोलाचे आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर जे विकले जाते त्याची चीड येते.

आमच्या किनाऱ्यावरच्या एका तरुणाचे सांगतो. तिशीच्या आतला, घरची होडी. दिवसा जाळ्याची फाटलेली आस हात न थांबता सांधतो. पण तिन्हीसांज झाली की जेटीवर पसरलेल्या दोरखंडाला अडखळतो. जेवताना समोरचे ताट नीट दिसते, शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या मात्र हाताला लागून कलंडतो. हा रेटिनायटिस पिगमेंटोसा, आपण रातांधळेपणा म्हणतो त्यातला वंशाने येणारा प्रकार. जगात साधारण चार हजारांत एकाला होतो. जवळच्या नात्यात लग्ने होतात तिथे जास्त दिसतो, आणि मामेबहिणीशी लग्न आपल्याकडे काही नवलाचे नाही. त्याची आई माझ्यासमोरच्या बाकावर बसून विचारायची, “डॉक्टरानू, माझ्या झिलाक दिसतला मां?” मी डॉक्टर नाही हे तिला ठाऊक होते. पण विचारायला दुसरे कोण होते?

त्याला एका मोठ्या शहरातल्या केंद्रात नेले. कमरेच्या हाडातून मज्जा काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. थोडा पैसा मंडळाने उभा केला, बाकीचा होडीतला हिस्सा विकून आला. परत आल्यावर त्याने फाइल माझ्यापुढे ठेवली. बिलावर ‘सेल थेरपी पॅकेज’ एवढेच. संमतीपत्र आठ-दहा पानी, सगळे इंग्रजीत, प्रत्येक पानाखाली त्याच्या आईचा अंगठा. मुलगा सज्ञान, शिकलेला, आणि अंगठा आईचा! कुठल्या पेशी, किती, त्यांची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली, चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, यातले एक अक्षर फाइलमध्ये नव्हते. पहिले दोन महिने त्याला उजेड जास्त वाटला. वर्षाच्या आत नजर होती तिथे आली आणि आजार आपल्या गतीने पुढे सरकत राहिला.

असे का झाले ते समजायला पडद्याची रचना थोडी बघावी लागेल. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवरचे दृष्टिपटल. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. सुमारे बारा कोटी दंडपेशी अंधुक उजेडात कामाला येतात, आणि साठेक लाख शंकुपेशी रंग व बारकावे ओळखतात. त्यांच्या मागे रंजक पेशींचा अवघा एकपदरी थर असतो. तो उजेड टिपणाऱ्या पेशींना पोसतो आणि त्यांची झिजून गळणारी टोके रोजच्या रोज गिळून साफ करतो. हा थर मेला की पुढच्या पेशीही उपाशी मरतात.

आता आजार बघा. म्हातारपणी मधली नजर जाते, समोरच्या माणसाचा चेहराच दिसत नाही, तो पीतबिंदूचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, ऱ्हास. तिथे मुख्यतः रंजक थर बिघडतो. तरुण वयात येणाऱ्या स्टारगार्ट आजारातही या थराचे मोठे नुकसान होते. रेटिनायटिस पिगमेंटोसात बहुधा दंडपेशी आधी जातात. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि काचबिंदूत पडद्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकते. बिघाड चार ठिकाणी चार प्रकारचा. शिबिराच्या पत्रकावर मात्र हे सगळे आजार एका ओळीत असतात आणि पुढे उपाय एकच. एवढे पाहूनच मंडळाने सावध व्हावे.

पेशींचेही तसेच. पहिली जात गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या मूलपेशींची. माणसाच्या अशा पेशी १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते, म्हणून रंजक पेशीही घडवता येतात. पण त्या दुसऱ्याच्या असल्याने रुग्णाचे शरीर त्या नाकारू शकते, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. शिवाय न घडलेली एखादी मूलपेशी चुकून आत गेली तर गाठ होण्याचा धोका असतो. त्यामुळे तपासण्या कडक. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अठरा रुग्णांचा अहवाल आला, नऊ स्टारगार्टचे आणि नऊ पीतबिंदूच्या कोरड्या, म्हणजे रक्त न झिरपणाऱ्या, ऱ्हासाचे. प्रत्येकाच्या एकाच डोळ्यात, जो जास्त बिघडलेला त्याच डोळ्यात, पन्नास हजार ते दीड लाख रंजक पेशी पडद्याखाली सोडल्या. कुणालाही गाठ झाली नाही, तेरा जणांत रंजक थर वाढल्याची चिन्हे दिसली. जे त्रास झाले ते शस्त्रक्रियेचे आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे.

लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात याच जातीच्या पेशींपासून तयार केलेला चिमुकला पापुद्रा दोन रुग्णांच्या पडद्याखाली बसवला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. पीतबिंदूत अचानक रक्तस्राव होऊन त्यांची नजर गेली होती, अक्षर वाचता येत नव्हते. वर्षभराने ते मिनिटाला साठ ते ऐंशी शब्द वाचू लागले. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा काम बाजूला ठेवून पुन्हा वाचले. तरी रुग्ण दोनच होते आणि त्यांतल्या एकाचा पडदा सुटल्याने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याच अहवालात आहे. पेशी पाण्यात मिसळून सोडणे आणि त्यांचा पापुद्रा करून जागेवर ठेवणे यात भात फोकणे आणि तरवा काढून लावणी करणे यांच्याइतका फरक आहे. लावणीला मेहनत जास्त, हात कसलेला लागतो, पण रोप कुठे उभे राहणार ते ठाऊक असते.

दुसरी जात जपानची. क्योतो विद्यापीठाच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूळ अवस्थेत नेले. २०१२ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. या पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच त्वचेपासून होतात, म्हणजे गर्भाचा प्रश्न नाही आणि शरीराने नाकारण्याची भीतीही कमी. सप्टेंबर २०१४ मध्ये कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या त्वचेपासून रंजक पेशींचा पापुद्रा तयार केला आणि तो त्यांच्याच डोळ्यात बसवला. तो टिकला. वर्षभराने नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार झाल्या तेव्हा तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले, आणि चमूने शस्त्रक्रियाच केली नाही. महिनोन्‌महिने खपून तयार केलेल्या पेशी, समोर थांबलेला रुग्ण, आणि तरीही नकार. मला त्या यशापेक्षा हा नकार मोठा वाटतो. आपल्याकडची केंद्रे मज्जा काढल्यावर काही तासांत डोळ्यात टोचतात. तेवढ्या वेळात कसली तपासणी होणार?

प्रत्येकाच्या त्वचेपासून नव्याने पेशी करणे फार खर्चाचे आणि वेळखाऊ. म्हणून आता जुळणाऱ्या दात्याच्या पेशींचा साठा करून त्या अनेकांना देण्याकडे कल आहे. कोबेलाच २०२० मध्ये सुरू झालेल्या चाचणीत रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या दोन रुग्णांत उजेड टिपणाऱ्या पेशींचे पापुद्रे बसवले, आणि ते दोन वर्षे शाबूत राहिल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. पण रंजक पेशीला जागेवर बसून शेजाऱ्यांना पोसायचे असते. उजेड टिपणाऱ्या पेशीला पुढच्या चेतापेशींशी धागा जोडायचा असतो. हे काम कितीतरी अवघड आहे. होडीवरच्या त्या मुलाच्या आजारावर खरा उपाय आला तर बहुधा याच वाटेने किंवा जनुकांच्या वाटेने येईल, आणि त्याला अजून वेळ आहे.

तिसरी जात मज्जेतल्या किंवा पोटाच्या चरबीतल्या पेशींची. बाजारात जे विकले जाते ते बहुतेक हेच, कारण काढायला सोपे आणि रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातले. या पेशी डोळ्यात गेल्यावर दंडपेशी किंवा शंकुपेशी होतात याचा पुरावा नाही. त्या काही पोषक द्रव्ये सोडतील आणि मरू घातलेल्या पेशींना थोडा आधार मिळेल, एवढीच आशा. ब्राझीलमध्ये रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या वीस रुग्णांवर मज्जेच्या पेशींची रीतसर चाचणी झाली. तीन महिन्यांनी रुग्णांना रोजच्या जगण्यात फरक वाटला, बारा महिन्यांनी तो उरला नाही. आमच्या मुलाचे नेमके हेच झाले. फरक इतकाच की चाचणीतून जगाला काहीतरी कळले. त्याच्या होडीच्या हिश्श्यातून कुणाला काही कळले नाही, कारण त्याची नोंदच कुणी ठेवली नाही.

मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन लेख एकापाठोपाठ छापून आले. पहिला ताकाहाशींच्या चमूचा. दुसरा अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या तीन बायकांचा, वय ७२ ते ८८, तिघींना पीतबिंदूचा ऱ्हास. एका खाजगी दवाखान्यात पोटाची चरबी काढून तिच्यातल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच बैठकीत टोचल्या. आधी त्यांची नजर आपल्या तक्त्याच्या भाषेत ६/९ ते ६/६० होती (पूर्ण नजर म्हणजे ६/६). वर्षभराने ती ६/६० पासून उजेडसुद्धा न समजण्यापर्यंत गेली. पडदे सुटले, रक्तस्राव झाला. उपचाराचे पाच हजार डॉलर घेतले होते. सरकारी संकेतस्थळावर चाचणी म्हणून नोंद दिसत होती, त्यामुळे आपण संशोधनात भाग घेतोय असा त्यांच्यातल्या काहींचा समज झाला होता. त्या बायका चालत, आपल्या डोळ्यांनी बघत त्या दवाखान्यात गेल्या होत्या.

चौथी जात आवर्जून सांगतो, कारण तिच्यामुळे गोंधळ होतो. “हैदराबादला स्टेम सेलने दिसायला लागले” असे कुणी सांगितले तर ते खरे असू शकते. पण ते बुबुळाच्या पुढच्या काचेचे, पारपटलाचे, पडद्याचे नव्हे. पानाच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटून डोळ्यात उडते, आमच्याकडे अशी पोरे येतात. त्या चुन्याने पारपटलाच्या कडेच्या मूलपेशी जळतात आणि काच पांढरी पडते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००१ पासून दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेच्या मूलपेशींनी असे डोळे बरे करण्याचे काम केले आहे, जगाने ते वाखाणले आहे. पारपटल डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे, तिथल्या पेशी स्वभावतःच नव्या होत राहतात. पडद्याच्या पेशी तशा होत नाहीत. त्या यशाचा दाखला देऊन पडद्याचा उपचार विकणे ही फसवणूक आहे. आणि घरातली चुन्याची डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. उडालाच तर चुन्याचे कण काढून ताबडतोब भरपूर पाण्याने डोळा धूत राहा, मग रुग्णालय गाठा.

भारतात नियम नाहीत असे नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचे मूलपेशी प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे. तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. औषधांच्या चाचण्यांची नोंद भारतीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करणे २००९ पासून बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. आणखी एक कायदा जुना आहे, १९५४ चा, आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत अंधत्व आहे, मोतीबिंदू आहे, काचबिंदू आहे, मधुमेहही आहे. आपल्या ग्रुपवर जी पत्रके फिरतात त्यांतली बरीच या यादीत सापडतील.

तेव्हा एखादे केंद्र शिबिरासाठी सभागृह मागायला आले किंवा गावातून मदतीचा अर्ज आला, तर सचिवांनी एवढे विचारावे. रुग्णाचा आजार नेमका कुठला आणि त्याचे निदान कुणी केले? पेशी कुठल्या, कुठून घेतल्या आणि कुठे वाढवल्या? सीटीआरआय क्रमांक काय, औषध महानियंत्रकांची परवानगी कुठे आहे? पैसे कोण देणार? आधी एकच डोळा करणार की दोन्ही एकदम? संमतीपत्र मराठीत आहे का? पैसे रुग्णाने द्यायचे किंवा दोन्ही डोळे एकाच दिवशी, यांतले एक जरी उत्तर आले तरी पुढे बोलू नये. आणि नुसत्या नोंदणी क्रमांकावर विसंबू नये, फ्लोरिडाच्या त्या बायकांपैकी काहींनी तेच केले होते. खरी चाचणी असेल तर तिथले लोक तुमच्या प्रश्नांनी चिडणार नाहीत, उलट रुग्ण चाचणीत बसत नसेल तर तसे सांगून परत पाठवतील.

मग गोळा केलेल्या पैशाचे काय करायचे? इथे मंडळे फार मोठे काम करू शकतात. देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत असा आयसीएमआरचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. आपल्या वाड्यांतही घरटी सापडतात. मधुमेहाने पडदा खराब होतो तेव्हा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, अंधुकही दिसत नाही. अंधुक दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासला तर लेसरने आणि डोळ्यातल्या इंजेक्शनांनी बहुतेकांची नजर वाचते. पीतबिंदूच्या ओल्या, म्हणजे रक्त झिरपणाऱ्या, ऱ्हासालाही हीच इंजेक्शने लागतात, पण ती वेळेवर आणि परत परत. माझ्याकडचे रुग्ण त्यासाठी कोल्हापूर, गोव्यातले बांबोळी नाहीतर मुंबई गाठतात. पहिले इंजेक्शन घेतात, दुसरे घेतात, तिसऱ्याला घाटातून गाडी करून जायचे पैसे नसतात. भाताची लावणी असते, मुलगा रजा काढून येऊ शकत नाही. उपचार माहीत आहे, काम करतो, आणि तो गाडीभाड्याला अडतो. मंडळाने वर्षाला दोन खेपांची गाडी जरी लावली तरी त्यातून वाचणारी नजर कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त असेल.

रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या मुलांसाठी जनुक तपासणीला मदत करा. २०१७ मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना नावाच्या जनुक उपचाराला परवानगी मिळाली, ती आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषासाठी. तो दोष थोड्याच रुग्णांत असतो, उपचार अतोनात महाग आहे आणि पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच उपयोगाचा. पण पुढे येणारे बरेच उपचार जनुकाप्रमाणे ठरतील, त्या वेळी आपल्या मुलाचा दोष कागदावर असलेला बरा. मज्जेच्या इंजेक्शनाने ज्याचा पडदा ओढला गेला, त्याला उद्याच्या खऱ्या चाचणीत घेतीलच असेही नाही. तोवर अपंगत्वाचा दाखला, एसटीची सवलत, भिंगाची साधने, मोबाइल बोलता करून घेणे, पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण, हे सगळे आज मिळण्यासारखे आहे. आमचा तो मुलगा दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, खेपा घालतो आहे. सोबत कुणी असले तर एका खेपेत काम होईल.

गणपतीच्या आधी आपल्या बहुतेक मंडळांची सभा होते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एवढा एक विषय घ्यावा : पैसे घेऊन होणाऱ्या मूलपेशी उपचारांना मंडळ मदत करणार नाही, आणि तो निधी पडद्याच्या वार्षिक तपासणीला व गाडीभाड्याला वापरला जाईल. ठराव झाला तर गावच्या मधुमेहींची यादी करायला आशाताई आणि आम्ही आहोतच. चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांना रुग्णालयात आणता येईल. सुट्टीचे दिवस सोडून सकाळी नऊ ते बारा या वेळात आणा. थेंब घातल्यावर काही तास जवळचे दिसत नाही, म्हणून सोबत एक माणूस हवा. जुने चष्मे, साखरेचे रिपोर्ट आणि आधी डोळ्यात काही इंजेक्शन घेतले असेल तर त्याचा कागद, कुठल्याही केंद्राचा असो, बरोबर आणावा.

आपला,
एक नेत्रचिकित्सा अधिकारी,
जिल्हा सिंधुदुर्ग